टीअरड्रॉपची डिकी: आधी वाक, मग रबर

मंडळी, नमस्कार. एप्रिल उजाडला, मिशिगनमधला बर्फ उतरला, आणि आपल्यातल्या चार-पाच घरांच्या गॅरेजमध्ये प्लायवुडच्या शीट येऊन पडल्या आहेत हे मला माहीत आहे. म्हणून आज टीअरड्रॉपच्या एकाच भागावर बोलणार आहे: मागची डिकी. उरलेला ट्रेलर नकाशा समोर ठेवून कुणीही नेटाने उभा करेल. डिकीला मात्र नकाशा पुरत नाही.

ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. टीअरड्रॉप म्हणजे गाडीमागे ओढायचा छोटा ट्रेलर. बाजूने पाहिला तर पाण्याच्या थेंबासारखा, पुढे गोल आणि मागे उतरत गेलेला. आत फक्त दोघांची गादी, उभं राहता येत नाही. स्वयंपाकघर मागे, बाहेरच्या बाजूला. डिकी वर उचलली की ओटा समोर येतो. अमेरिकेत हे १९३० च्या दशकापासून लोक घरी बांधत आले. १९४७ साली 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' मासिकात याचे नकाशे छापून आले. युद्ध नुकतंच संपलं होतं, शिल्लक राहिलेलं ॲल्युमिनियम बाजारात आलं होतं, तेही अनेकांनी वापरलं. आजही बहुतेकांचं माप चार फूट बाय आठ फूट असतं, कारण प्लायवुडची शीट तेवढी असते. एका बाजूची भिंत एका शीटमध्ये निघते.

आता डिकी. बंद असते तेव्हा ती छप्पर असते आणि मागची भिंतही. उघडली की स्वयंपाक करणाऱ्याच्या डोक्यावरची पडवी. पाणी तिच्यावरूनच वाहतं, मागून येणारी धूळ तिच्यावरच आदळते, आणि रोज चार वेळा तिची उघडझाप होते. घराचं छप्पर असं रोज कुणी उचलून ठेवत नाही.

माझी पहिली डिकी मी टेबलावर बांधली. नकाशावरून पाऊण इंची प्लायच्या पाच फासळ्या कापल्या, त्यांना आडव्या पट्ट्या जोडल्या, वर एक अष्टमांश इंची पातळ प्लाय वाकवून चिकटवला. दोन दिवसांनी क्लॅम्प सोडले. टेबलावर ती देखणी दिसत होती. ट्रेलरवर नेऊन ठेवली तर वरचा काठ बरोबर आणि खालचा काठ भिंतीपासून अर्धा इंच बाहेर. वाकवलेल्या प्लायला पुन्हा सरळ व्हायचं असतं. त्याने फासळ्यांनाही सोबत ओढलं होतं आणि सगळा वाक थोडा सुटला होता.

तिथे थांबायला हवं होतं. मी जाड रबर आणलं, फट बुजवली आणि निघालो. मॅकिनॉ पूल ओलांडून अप्पर पेनिन्सुलात, म्हणजे मिशिगनच्या उत्तरेकडच्या भागात गेलो, शेवटचे बारा मैल मातीचा रस्ता. मुक्कामाला डिकी उघडली तर पोह्यांच्या डब्याच्या झाकणावर बोट फिरवून नाव लिहिता येईल इतकी धूळ. रात्री पाऊस आला. सकाळी डाव्या कोपऱ्यातला पीठाचा डबा तळाशी ओला. बायकोने काही न बोलता पीठ फेकलं, डबा पुसून उन्हात ठेवला. त्या डब्याकडे बघत मी ठरवलं की ही डिकी पुन्हा बांधायची.

धूळ आत का शिरते हे नीट समजून घ्या, कारण सगळं बांधकाम त्यावर ठरतं. ट्रेलर पुढे पळतो तेव्हा त्याच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो. चाकांनी उडवलेली धूळ तिथे घुटमळत राहते. डिकीच्या कडेला फट असेल तर ओढताना ट्रेलरच्या आतबाहेर हवेची ये-जा चालू राहते, आणि धूळ तिच्यासोबत आत येते. रबर ही ये-जा थांबवू शकतं, पण सगळीकडे सारखं दाबलं गेलं तरच. पोकळ रबरी पट्टी तिच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत दबली पाहिजे. एका कोपऱ्यात पूर्ण चेपलेली आणि दुसऱ्यात नुसती टेकलेली असेल तर ती आहे काय आणि नाही काय. म्हणून माझं म्हणणं एवढंच: वाक आधी जुळवा, रबर नंतर निवडा. रबराच्या भरवशावर फट सोडू नका.

दुसऱ्या वेळी नकाशा बाजूला ठेवला. ट्रेलरच्या भिंतीला पुठ्ठा लावून खरा वाक पेन्सिलीने उतरवून घेतला, डावीकडचा वेगळा, उजवीकडचा वेगळा. दोन्हींत तीन षोडशांश इंचाचा फरक निघाला. हाताने कापलेल्या भिंतींत एवढा फरक पडतोच. मग डिकी जागेवरच बांधली. भिंतींच्या कडांना प्लास्टिकची चिकटपट्टी लावली, म्हणजे ओघळलेला गोंद ट्रेलरला धरणार नाही. दोन्ही बाजूंना एक अष्टमांश इंचाच्या पाचरी ठेवल्या, तेवढी मोकळीक हवीच. खाली तात्पुरत्या पट्ट्यांचा आधार देऊन आतला प्लाय आधी वाकवला. त्यावर फासळ्या, मधल्या पोकळीत एक इंची फोम, त्यावर बाहेरचा प्लाय. सगळं इपॉक्सी गोंदाने चिकटवलं आणि सामान बांधायच्या पट्ट्यांनी ट्रेलरलाच आवळून टाकलं. दोन्ही बाजूंनी प्लाय चिकटला की त्याची पेटी होते. एकटा प्लाय वाक सोडतो, पण पेटीतले दोन प्लाय एकमेकांना धरून ठेवतात. पट्ट्या मी आठवडाभर सोडल्या नाहीत, कारण गॅरेज थंड होतं आणि थंडीत इपॉक्सी सावकाश पिकतं. सोडल्या तेव्हा खालचा काठ काडेपेटीतल्या काडीच्या जाडीइतका हलला. तेवढं रबर सहज सांभाळतं.

मगाशी एका ताईंनी विचारलं, पियानो बिजागरी, म्हणजे पूर्ण लांबीची एकसलग बिजागरी, चालेल का? चालेल, पण तिच्या सांध्यातून पाणी खाली झिरपतं. वरून रबराची झालर लावावी लागते आणि ती उन्हाने दोन-तीन वर्षांत तडकते. इथे ट्रेलरवाले 'हरिकेन' नावाची ॲल्युमिनियमची बिजागरी वापरतात. पूर्ण रुंदीची असते, दोन पट्ट्या एकमेकींत आकड्यासारख्या अडकतात आणि पाणी वरून निघून जातं. तिच्याखाली ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, न विसरता लावा. स्क्रू आवळल्यावर टेप कडेने थोडी बाहेर आली की समजायचं, बसली. बाजूंना मात्र पाणी येणारच, त्याला अडवायच्या भानगडीत पडू नका. भिंतीच्या आतल्या कडेला छोटी पन्हळ करून द्या आणि रबर तिच्या आतल्या बाजूला लावा. आपल्याकडे कौलांखाली पन्हळ लावतात तीच युक्ती.

डिकी वर उचलून धरणाऱ्या गॅस भरलेल्या दांड्यांबद्दल सगळ्यात जास्त चुकीचं ऐकायला मिळतं. लोक म्हणतात, जास्त ताकदीचे घ्या, डिकी झटकन वर जाईल. जाईल, पण बंद असतानाही ते दांडे डिकीला आतून ढकलतच राहतात, आणि तुम्ही कष्टाने जुळवलेला वाक महिन्याभरात फुगतो. गणित सोपं आहे. माझी डिकी ३२ पौंडांची. उघडी असताना तिचा भारमध्य बिजागरीपासून आडवा २४ इंचांवर. गुणाकार ७६८. दांड्याच्या रेषेचं बिजागरीपासून लंब अंतर ८ इंच. ७६८ भागिले ८ म्हणजे ९६, दोन दांड्यांत वाटले की ४८ पौंड. मी ६० पौंडांचे घेतले. वरचे १२ पौंड थंडीसाठी. आत गॅस आहे, तापमान उतरलं की दाब उतरतो. ७० अंश फॅरनहाइटवरून १० अंशांवर आलात की ताकद साधारण ११ टक्के कमी होते, म्हणजे ६० चे ५३ उरतात. तरी डिकी डोक्यावर येत नाही. डिकी बंद असताना दांड्याची बारीक काडी खाली आणि जाड नळी वर राहील असे लावा, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. आणि दांड्याचा पाय नुसत्या प्लायवर ठोकू नका. तिथे फासळीला लागून भरीव लाकडाचा ठोकळा आधीच बसवलेला हवा.

कडी मध्ये एकच लावली तर कोपरे सैल राहतात. दोन लावा, कोपऱ्यांजवळ, आवळून धरणाऱ्या. नंबरप्लेटच्या दिव्याची वायर बिजागरीपाशी सैल वेटोळं ठेवून न्या, ताणलेली वायर तिथेच तुटते.

आणि वजन. डिकी ट्रेलरच्या अगदी शेपटाला असते. तिथे वाढवलेला प्रत्येक पौंड गाडीच्या हुकावरचा भार कमी करतो. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर हवा, नाहीतर वाऱ्यात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. मॅकिनॉ पुलावर पाच मैल वारा खात गेलात की ते हातांना कळतं. म्हणून डिकीच्या आत मसाल्यांचे कप्पे, आरसे, लोखंडी हुक लावायचा मोह कृपा करून आवरा.

शेवटी परीक्षा. रबरावर पूर्ण फेरी खडू घासा, डिकी बंद करा, उघडा. समोरच्या कडेवर खडूची रेघ अखंड उमटली पाहिजे. जिथे तुटली तिथे फट आहे. मग कागदाची पट्टी अडकवून ओढा, दर सहा इंचांवर. सगळीकडे सारखाच जोर लागला पाहिजे. होजपाइपचं पाणी त्यानंतर.

ट्रेलर बाहेर पार्किंगमध्ये उभा आहे, खडूचा डबा मी आणलाय. चहा झाला की चला. डावा खालचा कोपरा आधी बघा, मी अजूनही प्रत्येक वेळी तिथेच आधी बघतो.