एलायझाचा आवाज

नमस्कार मंडळी,

मागच्या महिन्यात आपण हॉलमध्ये 'माय फेअर लेडी' दाखवला, त्यावर दहा मिनिटं बोल असं कमिटीने सांगितलं आणि मी लगेच हो म्हटलं, कारण तो पिक्चर बघून घरी गेले त्या रात्री मला झोपच लागली नव्हती. त्या दिवशी जे आले नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंग्रजी नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉचं नाटक 'पिग्मॅलियन', त्यावरून 1956 साली ब्रॉडवेवर आलेलं म्युझिकल, आणि त्यावरून 1964 साली जॉर्ज क्यूकरने केलेला हा पिक्चर. कॉव्हेंट गार्डनमध्ये फुलं विकणारी एलायझा, आणि सहा महिन्यांत हिला मोठ्या घरच्या बाईसारखं बोलायला शिकवतो अशी पैज घेणारे प्रोफेसर हिगिन्स. आपल्याला ही गोष्ट 'ती फुलराणी'मुळे घरचीच वाटते, पुलंनी 1975 साली शॉच्याच नाटकावरून ते लिहिलं आणि भक्ती बर्वेंची मंजुळा ज्यांनी स्टेजवर पाहिली ते अजून तिच्याबद्दल बोलताना आवाज चढवून बोलतात.

त्यातला एक सीन मला तुमच्यापुढे परत ठेवायचाय. कॉकनी बोलीत, म्हणजे लंडनच्या कामकरी वस्तीतल्या बोलीत, शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' गळतो, म्हणून एलायझाच्या तोंडी हेन्री हिगिन्सचा एन्री इगिन्स होतो. मग हिगिन्स तिला एका ज्योतीसमोर बसवतो, 'ह' नीट आला तर श्वासाने ज्योत हलणार, नाही आला तर नाही हलणार. आपल्या रविवारच्या मराठी वर्गात आपण हेच करतो ना! तोंडासमोर तळहात धरायचा, आधी 'क' म्हणायचा मग 'ख' म्हणायचा, आणि 'ख'ला हाताला वारा लागला की पोरांचे चेहरे काय फुलतात. पण पिक्चरमध्ये पुढे काय होतं बघा, तिला कामाला लावून हिगिन्स त्याचा मित्र कर्नल पिकरिंगशी गप्पा मारत बसतो आणि ती बिचारी ह ह करत राहते, शेवटी तिच्या हातातला कागद पेटतो तरी याचं लक्षच नाही. हॉलमध्ये सगळे हसले, मीही हसले. पण सगळा पिक्चर तिथेच कळतो असं मला वाटतं.

कारण पुढे बॉलच्या, म्हणजे बड्या लोकांच्या नाचाच्या समारंभाच्या, रात्री तेच होतं. एलायझा सगळं जिंकून घरी येते, आणि हिगिन्स, पिकरिंग, घरातले नोकर सगळे मिळून एकमेकांचं कौतुक करणारं गाणं म्हणतात, तू करून दाखवलंस, तूच करून दाखवलंस, आणि हे सगळं हिगिन्सला. ती तिथेच बाजूला, अंधारात, तोच पांढरा ड्रेस आणि दागिने घालून उभी आहे. नाटकात प्रेक्षकाची नजर गाणाऱ्यांकडे जाऊ शकते, इथे कॅमेरा तिला कडेला धरून ठेवतो, मग सगळे झोपायला जातात, दिवे मालवले जातात आणि ती तिथेच कोसळून रडते. माझ्या शेजारी बसलेल्या एक काकू हळूच म्हणाल्या, "अगं, पोरीला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही." त्या वाक्यावर मी अजून अडकलेय.

आता आवाजाचं सांगते. स्टेजवर एलायझा ज्युली अँड्र्यूजने केली होती. पण पिक्चर काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्सने नाटकाचे हक्क 55 लाख डॉलर्सना घेतलेले, त्यांना पिक्चरमधलं मोठं नाव हवं होतं, म्हणून ऑड्रे हेपबर्न आली. तिने गाण्यांची खूप तयारी केली, रेकॉर्डही केली, आणि मग बहुतेक सगळी गाणी मार्नी निक्सनच्या आवाजात घातली. 'द किंग अँड आय'मध्ये डेबोरा करसाठी आणि 'वेस्ट साइड स्टोरी'त नताली वुडसाठी गायली तीच ही. पिक्चरच्या नामावळीत तिचं नाव नाही. हिगिन्स झालेल्या रेक्स हॅरिसनची तऱ्हा उलटी, तो गाणी अर्धी बोलतच म्हणायचा, आधी रेकॉर्ड करून नुसते ओठ हलवायला त्याने साफ नकार दिला, मग त्याच्या टायमध्ये वायरलेस माइक लपवून शूटिंगच्या वेळीच त्याची गाणी घेतली. म्हणजे बोलायला शिकवणाऱ्या मास्तरांचा आवाज त्यांचा स्वतःचा, आणि जी शिकतेय तिचा मात्र दुसरीचा. पिक्चरला आठ ऑस्कर मिळाले, हॅरिसनलाही मिळालं, हेपबर्नला नॉमिनेशनसुद्धा नाही, आणि त्याच वर्षी 'मेरी पॉपिन्स'साठी ज्युली अँड्र्यूजला ऑस्कर.

मी इथे या देशात नवीन आले तेव्हा ऑफिसात फोन उचलायची भीती वाटायची. 'वेस्ट' म्हटलं की समोरचा बनियन समजतोय की पश्चिम दिशा हे कळायचं नाही, मी घरी आरशासमोर ओठ दातांवर टेकवून व्ही म्हणायची, तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती, ती बघत बसायची. आज तीच मला सुधारते आणि मी तिचा 'ळ' सुधारते. फळा म्हण, फला नाही. परवा तिने दहा वेळा म्हटलं, अकराव्यांदा जमलं, आणि मी पहिलं काय केलं तर तिच्या आजीला व्हिडिओ कॉल लावला, बघा मी शिकवलं म्हणून. ती बाजूला उभी होती. मला एकदम तो अंधारातला कोपरा आठवला, मी फोन तिच्या हातात दिला.

एक राहिलं. एलायझा हिगिन्सवर चिडून, थांब तुला दाखवते, असं गाणं म्हणते ना, आपल्याकडे मंजुळाचं 'तुला शिकवीन चांगलाच धडा' आहे तीच जागा, त्या गाण्याची सुरुवात हेपबर्नच्या स्वतःच्या आवाजात ठेवलीये, सूर वर जातो तिथे निक्सन येते. हेपबर्नचा आवाज थोडा खरखरीत आहे, पण राग अगदी तिचा आहे. डीव्हीडी मंडळाच्या कपाटात आहे, ज्यांना हवी त्यांनी न्या आणि तेवढं गाणं हेडफोन लावून ऐका.