परवूर ते मारकडवाडी

मित्रहो, मतदान यंत्रांवरून आपल्याकडे झालेला पहिला वाद आज आठवायला हवा. १९८२ साली केरळातल्या परवूर मतदारसंघात ५० केंद्रांवर यंत्रं बसवली. भाकपचे उमेदवार सिवन पिल्लै मतदानाआधीच कोर्टात गेले, यंत्रं नकोत म्हणाले. निकाल लागला तर पिल्लैच १२३ मतांनी विजयी! मग हरलेले काँग्रेसचे ए. सी. जोस यंत्रांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कायद्यात यंत्राची तरतूदच नाही, असा निकाल १९८४ मध्ये आला. त्या केंद्रांवर मतपत्रिकेने फेरमतदान झालं आणि जोस निवडून आले.

बाजू तेव्हापासून बदलतच आल्या आहेत. २००९च्या पराभवानंतर मतपत्रिका परत आणा, असं भाजपचे अडवाणी म्हणत होते. आज काँग्रेस तेच म्हणते. याला हरलेल्यांचं रडगाणं म्हणून उडवून लावणं मला मान्य नाही. मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची छापील चिठ्ठी आपल्याला मिळाली ती अशाच संशयातून, सुब्रमण्यम स्वामींच्या याचिकेवरच्या २०१३च्या निकालामुळे.

महाराष्ट्रात २०२४च्या लोकसभेला महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा घेतल्या, आणि नोव्हेंबरात विधानसभेला महायुतीच्या तीन पक्षांनी २८८ पैकी २३०. मधल्या काळात मतदारयादीत सुमारे ४० लाख नावं वाढली. प्रश्न पडणारच. पण पडलेला प्रश्न म्हणजे पुरावा नव्हे.

माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीचं बघा. मतदारसंघात राष्ट्रवादी शरद पवार गटाचे उत्तम जानकर जिंकले, गावात मात्र भाजपचे राम सातपुते पुढे. गावकरी म्हणाले, हे आमचं मतदान नाही. ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर पुन्हा घेऊन दाखवतो. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान झालं नाही. ते झालं असतं तरी काही सिद्ध झालं नसतं, कारण सगळ्या गावाच्या नजरेखाली दिलेलं मत गुप्त कसं राहणार? पण पोलिसांनी संशय विझला का? उलट तो राज्यभर गेला.

उत्तर त्या केंद्राच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्यांत होतं. दर विधानसभा मतदारसंघात सोडत काढून निवडलेल्या पाच केंद्रांवरच्या चिठ्ठ्या मोजतातच. शिवाय निवडणूक नियमांतल्या ५६-डीनुसार, मोजणीचे आकडे सांगितल्यावर पण निकाल जाहीर होण्याआधी, उमेदवाराला कुठल्याही केंद्राच्या चिठ्ठ्या मोजायची लेखी मागणी करता येते. अधिकाऱ्याने नकार दिला तर कारणं लेखी द्यावी लागतात. आकडा जुळला नाही तर चिठ्ठ्यांचा आकडा धरतात. ती वेळ टळली की उरते हायकोर्टातली निवडणूक याचिका, तीही ४५ दिवसांत. माझ्या मते ही मागणी नाकारायची सोयच नसावी.

आता दुबार मतदारांकडे या. १ नोव्हेंबर २०२५ला विरोधकांनी मुंबईत सत्याचा मोर्चा काढला. लगेच भाजपच्या आशिष शेलारांनी विरोधकांच्या मतदारसंघांतली दुबार मुस्लिम नावं वाचून दाखवली. म्हणजे यादी सदोष आहे हे दोघांनाही कबूल! मग भांडण कसलं? प्रत्येकजण समोरच्याला सोयीची नावं तेवढी शोधतो. कोकणातला माणूस मुंबईत राहतो, नाव दोन्हीकडे असतं. त्यात त्याचा धर्म किंवा पक्ष कुठे आला? आणि नाव दोनदा असणं म्हणजे मत दोनदा दिलं असंही नाही. दोन्ही पक्षांच्या बूथ प्रतिनिधींनी बीएलओबरोबर, म्हणजे केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याबरोबर, एकाच वेळी, एकच यादी घेऊन घरोघर जावं. नाव वगळायचा नमुना ७ भरला तर ज्याचं नाव आहे त्याला नोटीस मिळालीच पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे, मग तो कुणाचाही मतदार असो.