पानं, चिखल, काटक्या: लहान मुलांबरोबर बाहेर चित्र मांडताना

मंडळी, सुरुवात एका नेहमीच्या तक्रारीपासून करू. ‘बाहेर नेलं, पानं दिली, काटक्या दिल्या, आणि पोरगं पाच मिनिटांत उठून पळालं.’ ह्यात पोराचा दोष क्वचितच असतो. चिखलात वाळू जास्त झालेली असते, जागा अघळपघळ असते, वारा सुटलेला असतो, नाहीतर आई-बाबांच्या डोक्यात एक देखणी नक्षी आधीच तयार असते आणि मुलाला त्या नक्षीवर बिगारी करायची नसते. म्हणून आज बोलायचं ते सामानाबद्दल आणि जागेबद्दल. कल्पनाशक्तीची काळजी नको, ती मुलांकडे पुरेशी असते.

आधी वयाचं बघू. दीड-दोन वर्षांचं मूल मांडत नाही, वाहतं. इथला गोटा तिथे, तिथला परत इथे. त्याला एक डबा द्या आणि दोन ढीग करू द्या, एवढं त्या वयाला पुरतं. तीनच्या आसपास रांगा सुरू होतात. चारी बाजूंनी सारखी दिसणारी गोल नक्षी साधारण पाचच्या पुढे जमायला लागते. त्याआधी ती मागितली की मोठी माणसंच ती पूर्ण करतात आणि मूल बाजूला माती उकरत बसतं. तेही बरंच म्हणायचं.

आता जागा. हातभर लांबीच्या चार काटक्यांची चौकट जमिनीवर ठेवा, आतून साधारण 40 सेंटिमीटर. ह्याला कारण आहे. उकिडवं बसलेलं लहान मूल पाय न हलवता जेवढं पोहोचतं, तेवढंच ते नीट मांडतं. त्याहून मोठी चौकट केली की मधलं पान ठेवायला ते आत पाय टाकतं, आपलंच काम तुडवतं आणि मग रडतं. भावंडं असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र चौकट द्या, म्हणजे भांडणं निम्म्यावर येतात.

रांगा लावणाऱ्या मुलाला गोल नक्षीऐवजी चक्र, म्हणजे फेऱ्या घेत आत आत वळत जाणारी रेघ आखून द्या. अंगठ्यापेक्षा जाड, म्हणजे सुमारे 3 सेंटिमीटर जाडीची खुंटी जमिनीत घट्ट रोवा. तिला 40 सेंटिमीटर सुतळी पक्की बांधा, दुसऱ्या टोकाला टोकदार काडी. सुतळी ताणून खुंटीभोवती फिरा. सुतळी खुंटीला गुंडाळली जाते, दर फेऱ्याला साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास आखूड होते आणि चक्र आपोआप आखलं जातं. नुसतं वर्तुळ हवं असेल तर गाठीऐवजी सैल फास ठेवा. चक्राची गंमत अशी की सुरुवात आणि शेवट मुलाला दिसतात, कुठेही थांबलं तरी काम अर्धवट वाटत नाही, आणि बिया संपल्या तर पुढे खडे चालतात.

चिखलाकडे जरा वेळ काढून बघू, कारण सगळ्यात जास्त फसतं ते इथेच. झाडाच्या बुंध्यावर चिखलाचा चेहरा करायचा हा मुलांचा आवडता खेळ, आणि तो चेहरा थोड्याच वेळात गळून पडतो हा नेहमीचा अनुभव. आधी माती तपासा. ओली माती मळून पेन्सिलीएवढ्या जाडीची वळी करा आणि बोटाभोवती गुंडाळा. तुटली तर वाळू जास्त. न तुटता वळली, वर बोटांना चिकटत राहिली, तर चिकणमाती भरपूर. मधली स्थिती, म्हणजे बारीक भेगा पडून वळणारी माती, चालून जाते.

वाळू जास्त असेल तर बादलीत माती कालवून मिनिटभर थांबा. जड वाळू तळाला बसते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून दिवसभर ठेवा, निवळलेलं पाणी हलक्या हाताने काढा, उरलेला गाळ जुन्या कापडात बांधून टांगा. हे आदल्या दिवशी करायचं काम आहे; मूल बाजूला उभं असताना सुरू केलं तर त्याचा धीर सुटणार. उलट माती फार चिकट असेल तर ती सुकताना आक्रसते आणि तडे जातात. तिच्या तीन भागांना एक भाग वाळू घाला, आणि बोटाच्या पेराएवढं कापलेलं वाळकं गवत मूठभर. गवत तड्यांना धरून ठेवतं. पाणी थोडं थोडं घालत कानाच्या पाळीइतका मऊ गोळा करायचा. मुलं पाणी नेहमी जास्तच ओततात, म्हणून त्यांच्या हातात बाटली न देता बुचाने पाणी मोजू द्या.

तरीही चेहरा का पडतो? कोरडी साल चिखलातलं पाणी शोषते. सालीला टेकलेला थर आधी सुकतो आणि सुटतो, बाहेरचा भाग अजून ओला आणि जड असतो. म्हणून खरखरीत सालीचं झाड निवडा, गुळगुळीत नको. साल ओल्या फडक्याने भिजवा, त्यावर पातळ चिखल बोटाने खाचांत चोळा, मगच तळहाताएवढा गोळा थापा. जाडी 2 सेंटिमीटरपर्यंत. कडा अंगठ्याने बाहेरच्या बाजूला सालीवर पसरवत न्या; बहुतेक चेहरे कडेपासून सुटतात. डोळे, दात, केस चिखल ओला असतानाच खोचा. मुंग्यांची रांग जात असेल तर ते झाड सोडा.

पानांचं काम मुख्यतः निवडण्याचं. एकाच झाडाखालची पानं हिरव्यापासून तपकिरीपर्यंत ओळीने लावायला सांगा, दहा-बारा पुरेत. पानातलं हरितद्रव्य मोडत जातं आणि आधीपासून आत असलेला पिवळा दिसू लागतो. बऱ्याच झाडांत लाल रंग मात्र त्याच काळात नव्याने तयार होतो. मुलाला हे सांगायची घाई नको. ‘ह्याच्या आणि त्याच्या मध्ये कुठलं बसेल?’ एवढा एक प्रश्न पुरतो. ‘हे काय काढलंस?’ असं विचारलं की मूल काहीतरी उत्तर तयार करून देतं, आणि मग त्या उत्तराला बांधील राहतं.

वाऱ्यावर दोन उपाय. पानाची मागची बाजू पूर्ण ओली करून दगडावर दाबली तर ते चिकटतं, पण पाणी सुकेपर्यंतच, म्हणजे उन्हात हे करण्यात अर्थ नाही. दुसरा उपाय टाचण्याचा. इंग्लंडमध्ये 1956 साली जन्मलेले शिल्पकार अँडी गोल्ड्सवर्दी डिंक-खिळ्यांशिवाय पानं काट्यांनी एकमेकांना जोडतात. पाच वर्षांखालच्या मुलाबरोबर काटा मोठ्यांनीच टोचावा. मुलाने पानं जोडून धरावीत. पान कडेला टोचलं की फाटतं, जाड शिरेजवळ टोचलं की टिकतं. खडखडीत वाळलेलं पान तडकतं, आदल्या दिवशी गळलेलं चालतं.

सामान काहीच नसेल तर चाला. रिचर्ड लाँग ह्या ब्रिटिश कलावंताने 1967 साली गवतावर एकाच सरळ रेषेत येरझारा घालून पायवाट उमटवली आणि तिचा फोटो काढला. तेच त्याचं काम. दवाने भिजलेल्या गवतावर मुलाची एकच फेरीसुद्धा गडद दिसते. ऊन चढलं की पुसली जाते, म्हणून सकाळीच.

सावलीच्या चित्रात सगळे एकच चूक करतात, मुलाला उभं करून त्याची सावली आखायला जातात. मूल हलतं. त्यापेक्षा सायकल किंवा खुर्ची उभी करा, काडीने सावलीची कड ओढा, आतला भाग मुलाला पानांनी भरू द्या. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, त्यामुळे दहा मिनिटांतच सावली रेघेवरून सरकलेली दिसते. आखणी झटपट उरका. भरायला मात्र हवा तेवढा वेळ घ्या.

वेचण्याचे नियम थोडे, पण पक्के. गळलेलं घ्यायचं, तोडायचं नाही. ओढ्यातले दगड रचायला काढू नका, त्यांच्या खालच्या बाजूला किडे आणि अंडी असतात. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती 4 सेंटिमीटरपेक्षा लहान बी किंवा खडा नको, घशात अडकतो. काळ्या ठिपक्याची लाल गुंज मुलांना फार मोहवते, पण ती अतिशय विषारी आहे. चावलेली एखादी बीसुद्धा जिवावर बेतू शकते. ती सामानात घेऊच नका. कण्हेर आणि धोतरा ह्यांचे सगळे भाग विषारी, आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा करतो. ही झाडं आधी मोठ्यांना ओळखता यायला हवीत. घरी आल्यावर हात साबणाने धुवायचे, नखांसकट.

फोटो काढायचा तर चित्राच्या बरोबर वर मोबाइल आडवा धरून, ढगाळ वेळी किंवा कोणाच्या तरी सावलीत. रखरखीत उन्हात काटक्यांच्या सावल्याच जास्त दिसतात.

मुलं थोडंफार घरी आणणारच, त्याला नाही म्हणू नका. फक्त पिशवीत बांधून ठेवू नका, दोन दिवसांत बुरशी धरते. पानं वर्तमानपत्राच्या घड्यांत एकेक सुटी ठेवा, वर जड पुस्तकं. पहिल्या दोन दिवसांत कागद रोज बदला, कारण ओल तेव्हाच सर्वांत जास्त सुटते. आठ-दहा दिवसांत पानं सपाट आणि कोरडी होतात, पण ठिसूळही. लवचीक हवी असतील तर वाळवण्याऐवजी एक भाग ग्लिसरीन, दोन भाग पाणी अशा मिश्रणात चार-पाच दिवस बुडवून ठेवा. रंग थोडा काळवंडतो. बिया आणि शेंगा ताटात पसरून उन्हात द्या, आणि बाजूला बारीक भुकटी पडलेली दिसली तर आत किडा आहे असं समजून तो वाटा अंगणात टाकून द्या.