जुना प्लग कुठेय?

(दृश्य: इंदूर, सियागंज. शटर वर जाते. आत फळीवर काजळलेल्या स्पार्क प्लगांची, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगांची, रांग.)

जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं हे काकांचं, छोटी पेट्रोल इंजिनं दुरुस्त करायचं दुकान. आषाढ-श्रावणात सांवेर, देपालपूरकडून सोयाबीनवरचे फवारणी पंप इथे येतात आणि गणपती जवळ आले की मंडळांचे जनरेटर. काकांचा हट्ट एकच. नवा प्लग लावून आलात तर जुना सोबत हवा. फेकून दिला असेल तर ते खरंच वैतागतात.

प्लग स्वस्त, म्हणून हात आधी त्याच्याकडेच जातो. त्यात दोष लोकांचा नाही. पण काळा पडलेला प्लग बदलला आणि काळं करणारं कारण तसंच राहिलं, तर नवाही काळाच पडणार.

(दृश्य: बॉक्स पान्याने प्लग निघतो. काका तो उजेडाकडे धरतात.)

आतलं चिनी मातीचं टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी दिसलं, तर इंजिन नीट जळतंय. कोरडी, मखमलीसारखी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी: चोक, म्हणजे हवा अडवणारी झडप, ओढलेलाच राहिला, नाहीतर एअर फिल्टर धुळीने बुजला. मशीन तासन्‌तास आयडलवर, म्हणजे काम न देता मंद चालत, ठेवलं तरी हेच होतं, कारण टोक साधारण 450-500 अंश सेल्सियसच्या वर तापलं तरच त्यावरची काजळी आपोआप जळते. काळा आणि तेलकट प्लग टू-स्ट्रोक पंपात नेहमीचा, कारण त्यात तेल पेट्रोलमध्येच मिसळतात. काका विचारतात, "तेल मोजून घालता का अंदाजाने?" उत्तर बहुतेक वेळा हसण्यात मिळतं. 25 भाग पेट्रोलला 1 भाग तेल, म्हणजे 25:1, म्हणजे लिटरला 40 मिली, 50:1 म्हणजे 20. अंदाजात एवढा फरक सहज पडतो.

पांढराफटक प्लग दिसला की मात्र काका हसत नाहीत. इंजिन फार तापतंय. कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय, किंवा प्लगचा नंबरच चुकलाय. आटे जुळले म्हणजे प्लग जुळला, असं नसतं. एनजीके कंपनीच्या प्लगवर आकडा मोठा तेवढा प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारा; बॉश कंपनीत नेमकं उलटं!

(दृश्य: रामबागेतल्या मंडळाचा मुलगा जनरेटर घेऊन येतो.)

"काका, दोन प्लग बदलले, तरी स्टार्टच नाही होत."

"जुना कुठेय?"

नशिबाने खिशात होता. काका तिन्ही प्लग फडक्यावर मांडतात. जुना कोरडा, फिकट तपकिरी. नवे दोन्ही ओले, पेट्रोलचा वास मारणारे. म्हणजे बंद पडेपर्यंत इंजिन उत्तम चालत होतं. पेट्रोल आताही पोचतंय. पेटवणारंच काही नाही.

जुना प्लग वायरच्या कॅपमध्ये बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवला, भोकापासून दूर, कारण तिथून पेट्रोलची वाफ उडते. दोरी ओढली. ठिणगी नाही.

पडली असती, तरी प्लगला पूर्ण क्लीन चिट नव्हती. उघड्यावर ठिणगी सहज उडते. सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेतून उडायला बराच जास्त व्होल्टेज लागतो. ठिणगी उडते ती टोकांमधली फट रुंदावली असेल, किंवा चिनी मातीला केसाएवढी चीर असेल, तर बाहेर झकास दिसणारा प्लग आत दगा देतो. या जनरेटरची फट 0.7 ते 0.8 मिलिमीटर हवी. आणि काम बघा किती: मिनिटाला 3000 फेऱ्यांना सेकंदाला 50 ठिणग्या. चाकावरचं चुंबक दर फेरीला ठिणगी पाडतं, म्हणून अशा फोर-स्ट्रोक इंजिनात, जिथे दोन फेऱ्यांत एकदाच पेट्रोल जळतं, त्यातल्या निम्म्या धूर बाहेर जाताना पडून वाया जातात.

इथे प्लग निर्दोष होता. काकांनी ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलकडे न जाता ऑइलची पातळी बघायची काडी बाहेर काढली. कोरडी.

बऱ्याच जनरेटरमध्ये ऑइल कमी झालं की सेन्सर ठिणगीच बंद करतो, इंजिन जाम होऊ नये म्हणून. मुलगा कपाळावर हात मारतो. "आणि मी दोन प्लग आणले!"

ऑइल भरलं. जुनाच प्लग हाताने घट्ट बसवून पान्याने वर पाव फेरा. नव्या प्लगला अर्धा लागतो, वॉशर दबायचा असतो म्हणून.

दुसऱ्या ओढीला जनरेटर सुरू झाला. दोन ओले प्लग काकांनी पुसून, उन्हात वाळवून मुलाच्या हातात दिले.

"पुढच्या वर्षी लागतील."