फोनवर वाजणारी फाइल येते कुठून?

नमस्कार. हेडफोन जवळ असेल तर लावा, एकच वाक्य दोनदा ऐकवतो.

(मूळ क्लिप. मग तीच क्लिप फोनच्या लाइनवरून.)

दुसऱ्या वेळी 'स' बोथट झाला, जवळजवळ 'फ'सारखा लागला. साधी फोन लाइन साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज पुढे नेते आणि 'स'ची बरीचशी धार त्याच्या वर असते. त्यामुळे स्टुडिओत कितीही छान रेकॉर्ड करा, फोनवर एवढंच उरतं.

आता समजा फाइल दूरच्या सर्व्हरवर आहे आणि ऐकणाऱ्याच्या हातात साधा फोन. मध्ये उभा असतो गेटवे. तो कॉल उचलतो, सर्व्हरकडून फाइल मागवतो आणि लाइनवर वाजवतो. जी.711 या कोडेकमध्ये, म्हणजे फोनसाठी आवाजाचे आकडे करायच्या पद्धतीत, सेकंदाला आवाजाचे 8000 नमुने जातात, प्रत्येकी 8 बिटांचे. इंटरनेटवरून जाताना बहुतेक वेळा दर 20 मिलिसेकंदांना 160 बाइटचं एक पॅकेट. हा ठेका चुकला की ब्राउझरवर निदान गोल चक्र फिरताना दिसतं, फोनवर नुसती शांतता. माणूस "हॅलो? हॅलो?" म्हणतो आणि फोन ठेवून देतो.

फोनवरून माहिती ऐकवणाऱ्या माझ्या पहिल्या सेवेत नेमकं हेच झालं. 44.1 किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 44,100 नमुन्यांची, एमपी3 सर्व्हरवर ठेवली होती. गेटवे प्रत्येक कॉलला ती नव्याने उतरवायचा, उलगडायचा, 8 किलोहर्ट्झवर आणायचा. लॉग, म्हणजे कॉलची नोंदवही, उघडला तर पहिला शब्द वाजायच्या आत कॉल तुटलेले. फार वाईट वाटलं, कारण त्या लोकांना माहिती खरंच हवी होती.

म्हणून रूपांतर आधीच करून ठेवा: मोनो (एकच चॅनल), 8 किलोहर्ट्झ. जी.711मध्ये एक मिनिट म्हणजे 4,80,000 बाइट, बस. शिवाय अ‍ॅस्टरिस्क आणि फ्रीस्विच या गेटवे चालवणाऱ्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये वेबवरून आणलेली फाइल कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायला जवळच्या साठ्यात, ठेवायची सोय आहे. पण अ‍ॅस्टरिस्क आधी अख्खी फाइल उतरवतो, मगच वाजवतो. लांब भाषण असेल तर तुकडे करा आणि स्वागताचं वाक्य गेटवेच्याच डिस्कवर ठेवा. ते वाजेपर्यंत मागे पुढचा तुकडा येऊ द्या.

थेट प्रक्षेपणाला ही युक्ती चालत नाही. तिथे दोन-तीन सेकंदांचा बफर, म्हणजे वाजवण्याआधी साठवलेला आवाज, धरावा लागतो. नुसतं ऐकणाऱ्याला तो उशीर कळतही नाही.

आणि कॅश लावलीत की फाइल बदलताना तिचं नावही बदला. नाहीतर गेटवे कालचाच निरोप आजही ऐकवत राहू शकतो.