कोरडी भिंत

श्रोतेहो, नमस्कार. नागपूरच्या माणसाने घाटातल्या दरडींवर बोलावं, ही गंमतच. आपल्याकडे चढ म्हणजे सेमिनरी हिल्स! तिथेच भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मोठं कार्यालय आहे, देशभरातल्या दरडींचा हिशेब ठेवणाऱ्या खात्याचं. असो. मी चिखलदऱ्याच्या घाटात रस्त्याच्या कामावर होतो, तेव्हाची गोष्ट सांगतो.

एका वळणावर नवी संरक्षक भिंत झाली होती. बडे पाहुणे पाहणीला येणार म्हणून ठेकेदाराने तिला गुळगुळीत गिलावा केला. नवरीसारखी दिसत होती. पुढे आषाढात तीन दिवसांची झड लागली. आमचे मिस्त्री साठीचे. छत्री सावरत भिंतीला तळवा लावून म्हणाले, "साहेब, वरून डोंगर झिरपून राह्यला, अन् हे भिंत कोरडी काऊन जी?"

मी म्हटलं, कोरडी आहे तर चांगलंच की!

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. छिन्नीने टकटक करत एका जागी थांबले आणि घाव घातला. लालभडक पाण्याची धार थेट त्यांच्या छातीवर! पाणी निघायची पाइपची तोंडं गिलाव्याने बुजली होती हो. मिस्त्रींनी हट्टाने रस्ता बंद करवला. मी तर वाहतुकीची काळजी करत होतो. संध्याकाळपर्यंत सात तोंडं मोकळी झाली. आठव्याकडे वळलो, तोच त्या टोकाची दहा-बारा फूट भिंत रस्त्यावर आडवी.

तर भिंत पाडतं ते बहुतेक वेळा मागे तुंबलेलं पाणी. पुन्हा सांगतो, पाणी. आपल्या काळ्या दगडाच्या थरांमध्ये कुठेकुठे लाल मातीचा पट्टा असतो, तो भिजला की साबण होतो. ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं, तेही मुसळधार पावसातच. म्हणून आधी माथ्यावर चर, मग भिंतीतून वाट. सुटे दगड पाडून घ्यायचे, बाकीच्यांना कड्यात रोवलेल्या सळया आणि वरून जाळी. मला आवडते ती तारेच्या जाळीत दगड भरलेली गॅबियन भिंत. पाणी फटींतून निघून जातं, आणि तिला गिलावा करायची कुणाला बुद्धी होत नाही!

मातीच्या उतारावर वाळा लावावा, त्याची मुळं सरळ दोन-तीन मीटर खाली जातात. हो, कूलरच्या ताटीतलाच वाळा. हल्ली कूलरला त्या कागदी जाळ्या आल्यात, त्यांना तो वास नाही.

पावसाळ्यात चिखलदऱ्याला जाल, तेव्हा भुट्ट्यासाठी गाडी थांबवण्याआधी भिंतीकडे बघा. छिद्रांतून पाणी ठिबकतंय का? मुसळधार पावसातही ती कोरडी असेल, तर भुट्टा पुढच्या वळणावर घ्या. नमस्कार.