काचेपलीकडची बाळंतीण

नमस्कार, श्रोतेहो. खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यातल्या ज्या घरात कुणाला दिवस गेलेत, त्या घरातल्या सासवांनी, आयांनी आणि विशेष करून नवऱ्यांनी रेडिओचा आवाज जरा वाढवावा. बोलणार आहे बाळंतपणावरच, पण डिंकाच्या लाडवांचं आणि शेकशेगडीचं नाही. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं मूल, ते ठेवतात तो नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, आणि त्या सगळ्यात आईची जागा कुठली, हे सांगायचंय.

माझं माहेर जांबोटीच्या बाजूचं. पहिलटकरीण, म्हणून सातव्यात माहेरी आले. आषाढ सरत आला होता आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. पाय सुजले तर शेजारणी म्हणाल्या, "सुजायचेच गे, उतरते सूज." पण हातातल्या बांगड्या रुतायला लागल्या, तोंड सुजलं, डोकं ठणकायचं थांबेना आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. आशाताई आल्या, तायी कार्डावरचे, म्हणजे गरोदरपणाच्या तपासण्या लिहितात त्या कार्डावरचे, मागचे आकडे बघितले आणि बसल्याच नाहीत. उभ्यानंच 108 ला फोन लावला.

बीपी 140 / 90 च्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात. माझं वरचं बीपी 170 च्या पुढे होतं आणि लघवीतून प्रथिनं जात होती. याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. वार गर्भाशयात नीट रुजत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या अरुंद राहतात, आणि मग आईच्या सगळ्या अंगावर त्याचा परिणाम होतो. वेळेत धरलं नाही तर झटके येतात. जुन्या बायका त्या झटक्यांना बाहेरची बाधा समजायच्या आणि अंगारा लावायच्या. पोटात मूल आहे तोवर हा आजार पुरता हटत नाही. गोळ्यांनी बीपी दाबून ठेवतात, पण खरा उपाय एकच, बाळंतपण.

खानापुरात दोन्ही कुल्ल्यांवर मॅग्नेशियमची इंजेक्शनं दिली. ती फार दुखतात, आणि सगळं अंग आतून भाजल्यासारखं गरम होतं. शिवाय बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून स्टिरॉइडचं एक इंजेक्शन. ही इंजेक्शनं बाळ बाहेर यायच्या आधी आईला द्यावी लागतात, म्हणून रस्त्यात वेळ घालवण्याआधी जवळच्या दवाखान्यात थांबण्यात अर्थ असतो. तिथून बेळगाव, आणि दुसऱ्या दिवशी सिझर. एकतिसावा आठवडा, मुलगी, वजन 1300 ग्रॅम. मला ती दाखवली म्हणतात. मला काही आठवत नाही.

आता मुद्द्याचं. पोर एका मजल्यावर, मी दुसऱ्या मजल्यावर. तिच्याबद्दल बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या माझ्या भावाला सांगायचे, तो आईला सांगायचा आणि आई मला त्यातलं निम्मं सांगायची, मी रडेन म्हणून. आत जायची वेळ ठरलेली, तीही थोडी. घरच्यांना यात वावगं काही वाटत नव्हतं, कारण आपल्या रीतीत ते बसतंच. ओली बाळंतीण, तिनं उठू नये, वाऱ्याला जाऊ नये, कान बांधून पडून राहावं. घरात बाळ कुशीत असतं तेव्हा हे सगळं ठीक. बाळ कुशीत नसेल तर त्या विश्रांतीचा उपयोग काय? पाचवीला गावी आजीनं पाटा मांडला, कोरा कागद आणि पेन ठेवलं, बाळाच्या जागी एक झबलं. सटवाईला बेळगावचा पत्ता दिला होता की नाही कोण जाणे.

नवीन आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी मला व्हीलचेअरवर घालून आत आणवलं. मी काय बघितलं ते सांगते, कारण ते माहीत नसलं की माणूस घाबरून मागे फिरतो. पोरीच्या नाकात दोन बारीक नळ्या. त्याच यंत्रणेची एक नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली आणि बाटलीत सारखे बुडबुडे. मला वाटलं काहीतरी गळतंय. पण ते बुडबुडे येतायत म्हणजेच दाब बरोबर आहे. त्या दाबानं इवलीशी फुप्फुसं मिटत नाहीत. मधूनच यंत्र ओरडायचं. इतकी लहान मुलं श्वास घ्यायचा विसरतात, अगदी खरोखर. सिस्टर येऊन तळपायावर बोटानं टिचकी मारायची की पोर पुन्हा श्वास घ्यायची. त्यासाठी औषधही देतात, कॉफीत असतं तेच कॅफिन. कावीळ झाली तेव्हा डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवली. पहिल्या आठवड्यात वजन आणखी उतरलं. ते सगळ्याच बाळांचं उतरतं, मग चढतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर दोन रात्री झोप लागली असती.

दुधाचं ऐका. बाळ ओढत नाही म्हणून आईला दूध येणार नाही, ही समजूत डोक्यातून काढा. हातानं पिळून काढायचं, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पहिल्यांदा निघतो तो पिवळट चीक, चमचाभरही नाही. माझ्या आईनं वाटीत डोकावून तोंड वाकडं केलं. सिस्टर गोकाककडची, मराठी मोडकंतोडकं, पण ती वाटी तिनं दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाली, "आक्का, हे औषध हाय." त्यातलं दोन मिली तिनं सिरिंजमध्ये घेतलं, वरचा दट्ट्या काढला आणि सिरिंज नुसती उंच धरली, दूध आपोआप तोंडातल्या नळीतून पोटात उतरलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची आतडी नाजूक असतात, डब्यातल्या दुधानं ती सुजायचा धोका वाढतो. म्हणून हा चमचाभर चीक महत्त्वाचा. पुढे गिळता यायला लागल्यावर बोंडल्यानं पाजायला शिकवलं. होय, आपल्या आज्यांचं बोंडलंच, फक्त उकळून घेतलेलं.

आणि मग कांगारू. बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट घालून आईच्या उघड्या छातीवर उभं धरायचं आणि वरून कपड्यानं बांधायचं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 साली बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या कमी पडल्या म्हणून डॉक्टरांनी हे सुरू केलं. पुढे ते जगभर गेलं, पण बाळ आधी स्थिर होऊ दे, मग आईकडे देऊ, असा शिरस्ता राहिला. 2021 साली भारतासह पाच देशांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मल्यापासूनच आईला आत, बाळाशेजारी खाट देऊन छातीवर धरायला लावलं, तर कमी वजनाच्या बाळांचे पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये तशी शिफारसही केली. म्हणजे आईची खाट अतिदक्षता विभागात हवी. आपल्या दवाखान्यांत जागा नाही म्हणतात. जागा कशाकशाला मिळते ते आपण बघतोच.

म्हणून बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांनी एवढं विचारावं: बाळाला आईचं दूध कधीपासून, आणि आईला आत कधी घेणार? नम्रपणे विचारा, पण रोज विचारा. आईला टाके आहेत, ती थकते, तेव्हा कांगारू दुसऱ्यालाही देता येतं. माझा नवरा गोव्याहून आला तेव्हा सिस्टरनं त्याला शर्टाची बटणं काढायला लावली. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, काचेतून बघत होत्या. आधी लाजल्या, मग दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी पुढून उघडणारी बंडी घेऊन आल्या.

घरी सोडताना वजनाच्या आनंदात एक गोष्ट राहून जाते, डोळे. लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या अर्धवट वाढलेल्या असतात, कधी त्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा ओढला जातो. बाहेरून काही दिसत नाही. जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत पहिली तपासणी, आणि रक्तवाहिन्या पूर्ण होईपर्यंत पुन्हा पुन्हा. वेळेत सापडलं तर लेझरनं दृष्टी वाचते. आमची दुसरी तारीख नेमकी गौरीजेवणाच्या दिवशी आली. घरात कुरबूर झाली, सणाला बाळ बाहेर कसं न्यायचं म्हणून. आत्तीच म्हणाल्या, "गवर वर्षाला येते, डोळे परत येत न्हाईत," आणि गाडीत आधी त्याच बसल्या. नैवेद्य त्या वर्षी संध्याकाळी दाखवला. पुढची तारीख दोन आठवड्यांनंतरची होती, तिलाही गेलो.